सांदवाडीतली मिरची

नागभीडहून उमरेडच्या रस्त्याला लागलं आणि कान्पा मागे पडलं, की हिवाळ्यात भिवापूर यायच्या आधीच नाकाला कळतं. गाडीच्या काचा लावलेल्या असल्या तरी ठसका लागतो. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर लाल मिरचीचे थर पसरलेले असतात आणि बाजूला पत्र्याच्या नाहीतर हिरव्या जाळीच्या सावलीत बाया रांगेने बसलेल्या असतात. नाकातोंडाला पदर गच्च बांधलेला, समोर वाळल्या मिरचीचा ढीग. मिरची उचलायची, अंगठ्याच्या नखाने टोपीसकट देठ मोडायचा, मिरची टोपलीत टाकायची; तोवर दुसऱ्या हाताने पुढची उचललेली असते. अशा जागेला इकडे मिरची सातरा म्हणतात. भिवापूर, मांढळ, पवनी, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात धानाची कापणी-मळणी उरकली की बायांच्या हाताला काम देणारा हा मोठा धंदा आहे. मजुरी किलोवर, म्हणून हात थांबत नाही.

मिरचीतलं तिखट म्हणजे कॅप्सेसिन. ते पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. सातऱ्यावरून घरी आलेली बाई म्हणूनच हात नुसते पाण्याने धूत नाही. आधी तेल चोळते, मग राखेने घासते. तरी आग उरतेच. घरात तान्हं लेकरू असेल तर ते उचलताना ती हाताला कापड गुंडाळते. शरीरात भाजल्याची जाणीव करून देणारा जो संवेदक आहे, त्यालाच हे कॅप्सेसिन जाऊन चिकटतं. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1997 मध्ये तो संवेदक शोधून काढला आणि त्यासाठी 2021 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. म्हणजे या बाया ‘हात भाजले’ म्हणतात ते उगीच नाही; त्यांच्या मज्जातंतूंना भाजलेलं आणि तिखट लागलेलं यातला फरक कळत नसतो.

ही मिरची कोणाची? नाव भिवापूरचं, पण सातऱ्यावर पडलेल्या ढिगातली बरीच मिरची बाहेरून, दक्षिणेकडून आलेली असते. लांब, पातळ सालीची, जहाल तिखट. ज्या मिरचीने या गावाचं नाव बाजारात नेलं, ती भिवापुरी वेगळी. जाड सालीची, गडद लाल, मध्यम तिखट. रश्श्याला रंग देणारी आणि जीभ जाळून न टाकणारी. नव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची अशी विदर्भाची दोन नावं त्या यादीत गेली, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण मानांकनाने नावाला संरक्षण मिळतं. बियाणं जपायचं काम कोणाला तरी हातानेच करावं लागतं, आणि ते करणारे हात कमी झाले.

भिवापुरी शेतातून का गेली, याचं एकच कारण नाही. जाड साल हा तिचा गुण, पण वाळायला तोच आडवा येतो. पातळ सालीची मिरची लवकर वाळते. हिला ऊन जास्त दिवस लागतं, आणि मध्येच अवकाळी पावसाचे शिंतोडे आले की पोटात बुरशी धरते. संकरित वाणांचं उत्पन्न जास्त, व्यापारी वजनाचे पैसे देतो, रंगाचे वेगळे देत नाही. सोयाबीन आलं, ते तीन-साडेतीन महिन्यांत पैसा हातात देतं. मिरची जूनपासून फेब्रुवारीपर्यंत रान अडवून बसते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली, पुढे नदीकाठची चांगली गाळाची जमीन बुडिताखाली गेली, आणि जिथे कालव्याचं पाणी पोचलं तिथे शेतकरी धानाकडे वळला.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे चुरडा-मुरडा. पानं आक्रसतात, झाड खुरटतं, फूल धरत नाही. शेतकरी एकाच नावाने ओळखतात, पण आत दुखणी तीन. पान कडांनी वर वळून वाटीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखं दिसलं तर कोळी. आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर शिरा जाड होतात, पानं बारीक होऊन गोळा होतात. त्या झाडाला मग औषध नाही, ते उपटूनच टाकावं लागतं. हा फरक ओळखता आला तर निम्मी फवारणी वाचते. दुकानदाराकडे नुसतं ‘पानं गोळा झाली’ म्हणून गेलं, तर तो तिन्हींची औषधं एकत्र देतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत मिरचीचा दुसरा मोसम संक्रांतीनंतर सुरू होतो, तो इथल्या शेतात नाही. मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा, गोंडपिपरी, चामोर्शी या भागांतून पिकअप आणि ट्रक भरभरून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. खम्मम, वरंगल, मुलुगू, भद्राचलमच्या बाजूला. धान एकपिकी, पावसावरचं. ते घरात आलं की पुढे मोहफूल आणि तेंदूपान येईपर्यंत गावात काम नसतं. मग नवराबायको, कधी शाळेतली मुलंसुद्धा, पालं ठोकून शेतातच राहतात. पहाटे दव सुकायच्या आत तोडणी सुरू होते, ती दिवस मावळेपर्यंत. मजुरी काही पैशात, काही ठिकाणी मिरचीच्या रूपात. होळीच्या आगेमागे माणसं परततात तेव्हा सोबत मिरचीचं पोतं असतं. घराची वर्षाची मिरची अशी येते. उरलेली विकली जाते.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा यातले हजारो मजूर तिकडेच अडकले. वाहनं बंद. जंगलातून, नदीकाठाने माणसं पायी निघाली. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी अशीच तेलंगणातल्या मिरचीच्या रानातून निघाली होती. तीन दिवस चालून, गाव जवळ आलेलं असताना, 18 एप्रिलला ती वाटेतच गेली. त्या वर्षी ज्यांच्या ताटात खम्ममची मिरची आली, त्यांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

त्यानंतर लवकरच तिकडच्या मिरचीवरही संकट आलं. ‘थ्रिप्स पार्विस्पायनस’ नावाचे काळे फुलकिडे, जे भारतात 2015 मध्ये बंगळुरूला पपईवर पहिल्यांदा आढळले होते, ते 2021-22 मध्ये तेलंगण-आंध्रच्या मिरचीवर तुटून पडले. ते पानापेक्षा फुलात घुसतात. फूल गळालं की मिरची नाही, मिरची नाही तर तोडणीही नाही. एका किड्याने दोन राज्यांतलं शेत आणि तिसऱ्या राज्यातल्या मजुराची चूल एकाच वेळी थंड केली.

सिरोंचात जरा निराळं चित्र आहे. प्राणहिता आणि गोदावरीच्या काठच्या काळ्या गाळाच्या जमिनीत तिथले शेतकरी स्वतः मिरची पिकवतात. तेलुगू बोलणारा, वरंगलच्या बाजाराकडे तोंड असलेला हा तालुका. 2019 मध्ये गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेज झालं आणि त्याचं फुगवट्याचं पाणी सिरोंचाच्या काठावरच्या शेतात शिरू लागलं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या बॅरेजचे खांबच खचले आणि पाणी सोडून द्यावं लागलं. मधल्या काळात ज्यांच्या मिरचीच्या आणि कापसाच्या जमिनी खरवडून गेल्या, ते मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं उपोषणं करत राहिले.

म्हणजे मिरची तोडणारे हात आमचे, देठ मोडणारे हात आमचे, खाणारी तोंडं आमची, आणि बियाणं पाकिटातलं, दुसऱ्याचं. यात माझ्या मनाला सलणारी गोष्ट हीच आहे.

•

तरीही एक जागा अशी आहे जिथे जुनी मिरची अजून टिकून आहे. ती सातबाऱ्यावर पीक म्हणून चढत नाही, कृषी खात्याच्या पीकपेऱ्यात दिसत नाही. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत घरामागे, बाजूला जो कुंपणातला तुकडा असतो त्याला सांदवाडी म्हणतात. कुठे नुसतं वाडी, आदिवासी गावांत बाडी. पहिला पाऊस पडायच्या आत बांबूच्या काड्यांचं आणि काट्यांचं कुंपण नवं करायचं, मग त्यात मका, वाल, चवळी, दोडका, भेंडी, अंबाडी, वांगी लावायची आणि एका कडेला पाच-पंधरा मिरचीची झाडं. बांधीतल्या धानाचा निर्णय पुरुष घेतो. सांदवाडीत काय लावायचं ते बाई ठरवते. बियाणंही तिचंच. माहेरून आणलेलं, नणंदेने दिलेलं, शेजारणीकडून मागितलेलं.

या जिल्ह्यांत या तुकड्याचं मोल आणखी एका कारणाने आहे. ब्रह्मपुरी वनविभाग आणि ताडोबाच्या भोवतालच्या गावांत वाघाचं भय रोजचं आहे. मोहफूल वेचायला, सरपणाला, अगदी जंगलालगतच्या शेतात निंदायला गेलेली माणसं मारली गेली आहेत, त्यांत बायांची संख्या मोठी. हाकेच्या अंतरावर माणसं असलेली शेती म्हणजे सांदवाडी. शिवाय वानरं, रानडुकरं. वाल आणि मका वानरांनी ओरबाडला तरी मिरचीला ती सहसा तोंड लावत नाहीत. 2021 च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप गडचिरोलीच्या उत्तर भागात फिरतो आहे. आफ्रिकेत झिंबाब्वे-झांबियात हत्ती अडवायला मिरचीपूड तेलात कालवून ती दोरांना फासून कुंपणाला बांधतात, शेणाच्या गोवऱ्यांत मिरची घालून धूर करतात. इथल्या वनविभागानेही गावांना ते शिकवायला हवं, असं मला वाटतं.

जनावरांना तिखट झोंबतं आणि पाखरांना झोंबत नाही, हे सांदवाडी असलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पिकलेली मिरची पोपट कसा मजेत फोडून खातो ते ती रोज पाहते. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नॅभान यांनी 2001 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यामागचं गणित मांडलं. उंदरासारखा प्राणी दातांनी बी चावून मारून टाकतो, पाखराच्या पोटातून ते साबूत बाहेर पडतं आणि दूर जाऊन रुजतं. म्हणून मिरचीने चावणाऱ्यासाठी तिखट तयार केलं आणि उडणाऱ्याला सूट दिली. कुंपणाच्या काट्यांत, कोणी न लावता, पाखराच्या विष्ठेतून उगवलेलं बारीक उभ्या मिरचीचं झाड या भागात पुष्कळ घरांत दिसतं. तेही कोणी उपटत नाही.

हे सगळं ‘जुनं’ म्हणतो तेव्हा किती जुनं? मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मजा अशी की युरोपला ती आपली वाटलीच नाही, ती त्यांना पूर्वेची वाटली. 1542 मध्ये लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने आपल्या वनस्पतिग्रंथात मिरचीची चित्रं छापली आणि तिला कालिकतची मिरी म्हटलं. हंगेरीत पाप्रिका म्हणून जिचं नाव झालं, तिला तिथले लोक आधी तुर्की मिरी म्हणत, कारण ती उस्मानी तुर्कांकडून आली. एकाच शतकात ही वनस्पती कालिकतची झाली, तुर्कांची झाली, गोव्याची झाली. परसातल्या मूठभर जागेत बी टाकून, चांगलं फळ राखून, घराघराने तिला आपलं करून घेतलं.

तुर्कस्तानचंच पाहा. दक्षिणपूर्वेला उर्फा नावाचं शहर आहे. तिथली इसोत मिरची दिवसा उन्हात पसरतात आणि रात्री कापडात गुंडाळून झाकून ठेवतात. आतला ओलावा बाहेर येतो, मिरची घामेजते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. असं बरेच दिवस केल्यावर तिचा रंग काळपट जांभळा होतो आणि चवीला धुरकट गोडवा येतो. शेजारच्या भागात उन्हाळा संपताना बाया गच्चीवर लाल मिरचीचा गर परातीत वाळवून वर्षाचा लगदा करून ठेवतात. ही मिरची जगभर विकली जाते, पण तिचा आधार आजही घराच्या गच्चीवरच्या कामात आहे. तिकडच्या घरात वाण टिकलं, कारण ते करायची रीत टिकली.

आपल्याकडे रीत आहे, वाण सुटत चाललं आहे. सात्यांची म्हणजे अळंब्यांची भाजी असो, वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोंबांची असो, सुकसी म्हणजे सुकी मासळी असो की लाखोळीच्या डाळीचं वरण, मिरचीशिवाय यातलं काही होत नाही. गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी वाटतात, तीही मिरची घालूनच. जाड सालीची लाल मिरची चुलीच्या निखाऱ्यावर भाजून, लसूण-मीठ घालून दगडावर रगडली की तिचा जो दाट ठेचा होतो, तो दक्षिणेकडून येणाऱ्या पातळ सालीच्या तेजा मिरचीचा होत नाही. तेजात सालीपेक्षा बी आणि आगच जास्त. पोट जळतं, रस्सा पांढुरका राहतो आणि रंगासाठी आणखी दोन मिरच्या घालाव्या लागतात.

•

आता लावायची कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या लेखाचा खरा हेतू तोच आहे.

रोप मृगाच्या आगेमागे टाकायचं. धानाचे पऱ्हे टाकण्याचे हेच दिवस, त्यामुळे लक्षात राहतं. जमिनीवर टाकू नका; वीतभर उंच वाफा करा नाहीतर फुटक्या टोपल्यात माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरून त्यात टाका. आठ-दहा दिवसांत उगवतं. पाच-सहा आठवड्यांनी, वीतभर रोप झालं की, रोवण्याच्या गडबडीतून एक संध्याकाळ काढून लावणी करायची. या भागातला पाऊस मिरचीला कमी पडत नाही, जास्तच होतो. एक दिवस पाणी बुडाशी साचलं तरी मूळ सडतं आणि हिरवंगार झाड उभ्याउभ्याच मान टाकतं. म्हणून वरंब्यावरच लावायची, दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवायचं. जागा अशी निवडायची, की पावसाळ्यात पाणी निघून जाईल आणि दिवाळीनंतर न्हाणीचं पाणी वळवून देता येईल. बुडाशी धानाचा कोंडा किंवा वाळलेला पाला पसरला की माती उडून पानांना लागत नाही. पावसात मातीच्या शिंतोड्यांबरोबर बुरशी वर चढते, ती थांबते.

मावा दिसला की सकाळी दव असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरायची. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखाली सडतातच. त्या वाळवून ठेवल्या आणि कुटून रात्रभर पाण्यात भिजवल्या की पाच टक्के अर्काची फवारणी घरच्या घरी होते. ढोबळ नियम असा, की बारा-पंधरा झाडांसाठी दुकानातलं कीटकनाशक आणायची गरज पडत नाही. गोळा झालेलं झाड मात्र मोह न धरता उपटायचं आणि जाळायचं.

चंद्रपूर शहरात ज्यांच्याकडे अंगणही नाही त्यांनी पंधरा-वीस लिटरच्या डब्यात एक झाड, असं लावावं. तिथे अडचण मेची. पारा 45-46 च्या पुढे जातो आणि त्याआधीच, 35 च्या वर गेला की, मिरचीचं फूल गळायला लागतं. फूल गळू द्या. झाड छाटून सावलीत ठेवा, रोज पाणी द्या. मिरची खरं तर बहुवर्षायू आहे. पहिल्या पावसाला ती पुन्हा फुटते आणि दुसऱ्या वर्षी लवकर लागते.

इथवरचं सगळं बहुतेकांना येतं. चुकतं ते बियाणं धरताना.

बाजारातून आणलेल्या कंपनीच्या मिरचीचं बी काढून लावलं तर पुढच्या पिढीत झाडं फुटतात. कुठलं बुटकं, कुठलं उंच, कुठलं फळच न धरणारं. संकरित वाणाचा तो स्वभावच आहे. देशी वाणात तसं होत नाही, पण तिथे दुसरा धोका आहे. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण मधमाशीला, मुंगीला ते ठाऊक नसतं. शेजारच्या सांदवाडीत लवंगी असेल तर तिचा पराग तुमच्या भिवापुरीवर येणारच. यंदाच्या फळात काही फरक दिसत नाही. तो बियात जाऊन बसतो आणि पुढच्या वर्षी रश्श्यात कळतो. बियाणं प्रमाणित करणाऱ्या यंत्रणा मिरचीच्या दोन वाणांत शेकडो मीटरचं अंतर मागतात. गावात ते शक्य नाही. त्यावर साधा उपाय आहे. झाडाची एखादी चांगली फांदी निवडायची, तिच्यावरची उमललेली फुलं आणि लागलेली फळं काढून टाकायची, नुसत्या कळ्या ठेवायच्या आणि मलमलीची पिशवी चढवून सैल बांधायची. रोज सकाळी फांदीला टिचकी मारायची. पराग आतल्या आत पडतो. पाच-सहा फळं धरली की पिशवी काढायची आणि त्या फळांच्या देठांना लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेली मिरची घरात कोणी तोडायची नाही.

झाड निवडताना सर्वांत मोठी मिरची ज्याला लागली त्याच्याकडे धावू नये. ज्याची पानं शेवटपर्यंत गोळा झाली नाहीत, ज्याची फळं एकसारखी आणि सालीला जाड आहेत, ते झाड बियांचं. अगदी पहिल्या बहराची फळं नकोत आणि शेवटचीही नकोत. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊन थोडं सुरकुतू द्यायचं. मग तोडून आठवडाभर सावलीत ठेवायचं, चिरून बी काढायचं, पुन्हा सावलीतच वाळवायचं. बी दोन बोटांत वाकवून पाहायचं. वाकलं तर ओलं आहे, कट्कन मोडलं तर झालं. राखेबरोबर कोरड्या बाटलीत ठेवलं की दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं. पूर्वी अख्खी मिरचीच चुलीच्या वर धुरात टांगत. आता घरात गॅस आला, धूर गेला, बाटली बरी.

•

नागभीड तालुक्यातलं नांदेड हे भिवापूरपासून फार लांब नाही. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल-3 जातीच्या धानात तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्या राखल्या, लावल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून जो बारीक तांदूळ तयार झाला, त्याला तेव्हाच्या घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं आणि तो देशभर पेरला गेला. त्यांच्याकडे जेमतेम दीड एकर जमीन होती. पुढेही त्यांनी धानाची आणखी वाणं काढली. जून 2018 मध्ये ते गेले, तेव्हा घरात पैसा नव्हता. त्यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते लिहायलाच हवं होतं. पण त्यांच्या हातात काय होतं तेही आठवायला हवं: लक्ष, धीर आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावायची तयारी. एवढं तर सांदवाडीतल्या प्रत्येक बाईकडे असतं. आपण तिला कधी संशोधक म्हटलं नाही एवढंच.

कायदाही तिच्या बाजूचा आहे. 2001 च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचं बियाणं छापील नावाच्या पाकिटात घालून विकायला तेवढी मनाई आहे. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाची नोंदणीही या कायद्याखाली करता येते. सिंदेवाहीला आणि गडचिरोलीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, दोन्हीकडे तज्ज्ञ बसतात. पोषण परसबागेच्या कार्यक्रमात गावोगाव बियांची पाकिटं वाटली जातात, तो चांगलाच कार्यक्रम आहे. त्या पाकिटांत भिवापुरीचं शुद्ध बी आणि गावातल्याच जुन्या मिरचीचं बी असावं, एवढी माझी मागणी आहे.

पण ते होईपर्यंत थांबायचं कारण नाही. एका घराने पाच-सहा झाडांचं बी वर्षानुवर्षं धरलं तर वाण आतून अरुंद होत जातं, रोगाला लवकर बळी पडतं. निदान वीस-पंचवीस झाडांचं बी एकत्र मिसळलं तर ते चांगलं टिकतं. एवढी मिरची एका सांदवाडीत मावत नाही, एका टोलीत सहज मावते. पाच घरांनी एकच वाण लावायचं, प्रत्येकीने आपल्या निरोगी झाडांचं बी काढायचं, सगळं एका परातीत मिसळायचं आणि पुन्हा पाच वाटे करायचे. बचत गटाची बैठक दर महिन्याला होतेच.

दिवस संक्रांतीचा बरा. झाडावरची मिरची तोवर लाल झालेली असते, डिसेंबरात काढलेलं बी वाळलेलं असतं आणि तेलंगणाच्या गाड्या अजून निघालेल्या नसतात. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे आणि चमचे वाटण्यापेक्षा कागदाची पुडी वाटा. पुडीवर गावाचं नाव लिहा, कोणाच्या सांदवाडीतलं बी ते लिहा, वर्ष लिहा. आणि रंगाची की तिखटाची, तेही लिहा. लवंगी आणि भिवापुरीचं बी नुसतं पाहून ओळखता येत नाही.